टप्पा पडून गेला तर दोन

इंदू गेल्याची बातमी मला शाळेत कळली. नववीच्या मुलींना घेऊन मी मैदानाकडे निघाले होते, तेवढ्यात शिपाई मागून आला आणि मिरजेहून फोन आहे म्हणाला. हेडमास्तरांच्या खोलीत उभं राहून मी फोन कानाला लावला. पलीकडे तिचा थोरला भाऊ, शिवाजीदादा. तो फौजेत सुभेदार. बहिणीच्या आजारपणाची तार मिळाल्यावर रजा काढून आलेला. एरवी त्याचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचायचा. त्या दिवशी मला दोनदा विचारावं लागलं. "इंदी गेली, मालू," एवढंच तो म्हणाला. मी मैदानावर परत गेले. मुलींना सुट्टी दिली नाही. खेळा म्हणाले आणि उन्हात उभी राहिले. कावीळ झाली होती तिला. पंधरवड्यात सगळं आटोपलं. तिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं.

हा लेख लिहायचा माझा विचार नव्हता. मी खेळाची शिक्षिका. माझा लिहिण्याशी संबंध रजेच्या अर्जापुरता. पण गेल्या महिन्यात सांगलीला आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये इंदूची शोकसभा झाली आणि तिथं साताऱ्याचे एक सर बोलायला उभे राहिले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. पुरवणीच्या संपादकांनी तशी विनंती केली आणि मी ती मान्य केली. ज्यांनी या दोन जिल्ह्यांत मुलींचं सॉफ्टबॉल पाहिलं आहे त्यांना नाव सांगायची गरज नाही. सरांनी फोटोला हार घातला, चष्मा पुसला, आणि म्हणाले की इंदुमतीताईंच्या मनात कुणाविषयी अढी म्हणून नव्हती. एकदा आपल्या हातून नकळत त्यांच्यावर अन्याय झाला, पण त्यांनी मोठ्या मनानं आपल्याला माफ केलं. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी पुढच्या रांगेत बसले होते, आणि सर बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. तर मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. जे झालं ते नकळत झालं नव्हतं. आणि इंदूनं त्यांना माफ केलेलं नव्हतं. बाकीचा सगळा मजकूर या दोन वाक्यांचा पुरावा समजावा.

इंदू कुंडलची. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्याच्या हाताखाली शेती, घरात आई. कॉलेजात आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि शिवाजीदादाचे फौजेतले कॅनव्हासचे बूट होते. बूट मोठे व्हायचे म्हणून पुढं चिंध्या कोंबायची. आमच्या कॉलेजात त्या वर्षी नवीनच सॉफ्टबॉल सुरू झालं होतं. पहिल्या दिवशी सरावाला आम्ही शहरातल्या मुली चेंडू दोन्ही हातांनी खालून फेकत होतो. ती कडेला उभी राहून बघत होती. आमच्या कोचनी तिला सहज म्हटलं, फेक बघू. तिनं चेंडू घेतला, हात मागं नेला आणि मैदानाच्या टोकापासून थेट माझ्या हातमोज्यात आणून टाकला. माझा तळवा दोन दिवस सुजला होता. नंतर कळलं, ज्वारी हुरड्यात आली की हिनं लहानपणापासून शेतातल्या माळ्यावर उभं राहून पाखरांवर गोफण चालवलेली. त्या दिवसापासून ती आमची सेंटर फील्डर झाली, म्हणजे मैदानाच्या मागच्या अंगाला मधोमध राखण करणारी. मी कॅचर, मारणाऱ्या मुलीच्या मागं बसून चेंडू झेलणारी. हॉस्टेलवर जेवणाचे हाल म्हणून दर रविवारी ती आमच्या घरी यायची. आईला आधी तिची भाषा समजायची नाही, नंतर आईच 'लय झालं बाई आता' म्हणायला लागली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू मारणारी मुलगी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून धावत पुन्हा मूळच्या जागी, म्हणजे होमला आली की एक रन. चेंडू हवेतून थेट हद्दीबाहेर गेला तर होमरन. मारणारी आणि बेसवर उभ्या असलेल्या सगळ्या घरी. पण चेंडूनं आधी आत टप्पा घेतला आणि मग तो हद्दीबाहेर गेला, तर खेळ तिथंच थांबतो आणि पंचांनी प्रत्येकीला दोन बेस द्यायचे असतात. मारणारी दुसऱ्यावर. चेंडू टाकला गेला तेव्हा जी पहिल्यावर होती ती तिसऱ्यावर, मग ती धावत घरी पोचली असली तरी तिला मागं बोलवायचं. क्रिकेटमध्ये टप्पा पडून गेला तर चार, थेट गेला तर सहा. इथं टप्पा पडून गेला तर दोन, थेट गेला तर चारी. शाळेतल्या मुलींना मी हे एका तासात शिकवते आणि त्यांना ते कळतं.

दुष्काळाच्या वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धेची फायनल साताऱ्यात झाली. सातारा विरुद्ध सांगली. मैदानात गवताची काडी नव्हती. जमीन भाजून कडक झालेली आणि वर बोटभर फुफाटा. मांडवात पाहुणे बसलेले, बक्षीस द्यायला आलेल्या पुढाऱ्यांची गाडी तोंड वळवून उभी. आम्ही एका रननं पुढं होतो. साताऱ्याचा शेवटचा डाव, दोन मुली आउट, एक पहिल्या बेसवर. आणखी एक आउट झाली की कप आमचा. मी होमच्या मागं बसलेली, त्यामुळं सगळं मैदान माझ्या तोंडासमोर होतं, आणि माझ्या मागं पंच म्हणून उभे होते ते हे सर. साताऱ्याच्या मुलीनं चेंडू लांब मारला. तो इंदूच्या पुढ्यात पडला, धुरळा उडाला, त्या कडक जमिनीवरून तो तिच्या डोक्यावरून उसळला आणि चुन्याच्या रेषेपलीकडं सायकलींच्या रांगेत गेला. मी टप्पा पाहिला. माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसालाही तो दिसलाच असणार. आमच्या डोळ्यांत एका हाताचं अंतर होतं. इंदूनं दोन्ही हात वर केले, आम्हाला शिकवलं होतं तसे, चेंडू बाहेर गेला म्हणून. आणि माझ्या मागून सरांनी हात गोल फिरवला. होमरन. दोघी घरी आल्या. सातारा जिंकलं.

लोक मैदानात घुसले. आमच्या मुली रडायला लागल्या. इंदू आत आलीच नाही. ती त्या टप्प्याच्या खुणेजवळ पाय फाकून उभी राहिली, जवळ येणाऱ्याला हातानं मागं ढकलत होती आणि तिथूनच सरांना हाका मारत होती. सरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा मांडवाकडं पाहिलं, आणि टेबलावर रन लिहिणाऱ्या माणसाला म्हणाले, लिहा. शेवटी एका मुलीला खुणेवर उभं करून ती पळत आली. धापा टाकत होती, पण बोलली ते अगदी विनवून.

"आवं सर, माझ्यासंगं एवढं तिथवर चला. खूण हाय. बघा, मग काय द्यायचं ते द्या."

सर म्हणाले, "पंचांना शिकवायचं नाही. आणि बाईमाणसानं आवाज खाली ठेवायचा."

तिनं त्यांच्या वाटेत उभं राहून मांडवाच्या उलट दिशेला, त्या खुणेकडं हात केला. तेवढाच. मी तिच्या शेजारी होते. तिचा हात त्यांच्या अंगाजवळसुद्धा गेला नाही. ते वळसा घालून पुढं गेले. बक्षीस समारंभ झाला. इंदू पुन्हा खुणेपाशी जाऊन उभी राहिली आणि सायकली घेऊन घरी निघालेल्या लोकांनी ती जागा तुडवून टाकेपर्यंत तिथंच होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आज लिहायला बसले नसते. सामने हरतात, पंच चुकतात. पण पंधरा-वीस दिवसांनी राज्याचा संघ निवडायला बैठक झाली, तिच्यात सर होते, आणि तिथं त्यांनी सांगितलं की सांगलीच्या त्या मुलीनं माझ्यावर हात उगारला. इंदूचं नाव कटलं. वर्षभर खेळायला बंदी. राज्याकडून खेळलेल्या मुलींना शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश मिळत असे. आम्ही दोघींनी मिळून जायचं ठरवलं होतं, हॉस्टेलवर एकच खोली मागायची असंही ठरवलं होतं. मी गेले. ती कुंडलला परत गेली. आणि कुंडलला बातमी पोचता पोचता अशी झाली की पोरगीनं साताऱ्याला एका मास्तराला भर मैदानात मारलं. पलूसकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलेलं होतं, ते लोक यायचेच थांबले. चुलत्यानं कॉलेज बंद केलं. मी दिवाळीत भेटायला गेले तेव्हा ती उसाच्या फडात होती, हाताला पाचट लागून रक्त आलेलं. मला म्हणाली, "माले, लोकास्नी वाटतंय मी मारलं. खरंच मारलं असतं तर बरं झालं असतं बघ." तेव्हा ती हसली नव्हती.

शिवाजीदादा रजेवर आला तेव्हा घरात मोठी बोलाचाली झाली. चुलत्याचं म्हणणं, पोरगी हाताबाहेर गेली. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि इंदूला सगळ्यांसमोर विचारलं की तुला पायजे तरी काय. तिला वाटलं असतं तर ती पुन्हा खेळायला परवानगी मागू शकली असती. बंदी संपायला आली होती. ती म्हणाली, "मला त्यो जिथं उबा व्हता तिथं उबं राह्यचंय." कुणालाच काही कळलं नाही. दादाला कळलं. फौजेतला माणूस, कुणाच्या जागी कोण उभं राहतं याला तो महत्त्व द्यायचा. चुलत्याला त्यानं सांगितलं की पुढचं माझ्या जबाबदारीवर.

मग आमच्या सुट्ट्या तशा जायला लागल्या. माझ्या कॉलेजात नियमांचं इंग्रजी पुस्तक होतं, ते मी घेऊन यायची. त्यांच्या विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर बसून मी एकेक वाक्य वाचायची आणि मराठीत सांगायची. इंदूचं इंग्रजी बेताचं, पण एकदा अर्थ कळला की ती तो आपल्या भाषेत बांधून ठेवायची. खेळातून बाद झालेल्या चेंडूला पुस्तकात 'डेड बॉल' म्हटलंय, त्याचं तिनं 'चेंडू मेला' केलं. चार कौलाचे तुकडे म्हणजे बेस आणि कांदे म्हणजे धावणाऱ्या मुली. मी प्रश्न घालायची: पहिल्यावर एक, तिसऱ्यावर एक, मारलेला चेंडू टप्पा पडून बाहेर गेला. ती कांदे उचलून ठेवायची आणि म्हणायची, "चेंडू मेल्यावर कोण कुठवर पळाली ते इचारूच नकोस. टाकला तवा कुठं व्हती तेवढं सांग." फेकलेला चेंडू बाहेर गेला तर काय, प्रेक्षकानं अडवला तर काय, मोज्याला लागून गेला तर काय... दुपारभर कांदे इकडचे तिकडं. तिची आई भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, झाला का गं तुमचा बाजार. त्या हसण्याखेळण्यात मला मधूनच भीती वाटायची. इंदू खेळत नव्हती. विळ्याला धार लावताना माणूस जसा खाली मान घालून बसतो, तशी ती बसायची.

पंचांच्या परीक्षेला आम्ही दोघी बसलो. बाकी सगळे पुरुष. तोंडी परीक्षेत तिच्या 'हाय-न्हाई'ला दोघं-तिघं हसले, पण उत्तरं बरोबर आली तशी हसणं थांबलं. आम्ही दोघी पास झालो. मुलींच्या सामन्यांना बायका पंच पाहिजेत असं तेव्हा नुकतंच सगळीकडं म्हटलं जायला लागलं होतं, त्यामुळं आम्हाला सामने मिळू लागले. इंदू होमच्या मागं, मी बेसवर. आणि सर? ते आता साताऱ्याच्या मुलींचे कोच झाले होते.

इथून पुढं तिनं जे केलं ते कुणी वाईट म्हणत असेल तर म्हणो. मला ते आवडायचं, अजून आवडतं. सामन्याआधी पंचांनी दोन्ही कोचना घेऊन मैदानाची हद्द दाखवायची असते. बाकीचे पंच होमपाशी उभं राहून हातानं दाखवतात. इंदू चालवायची. अख्खी हद्द. भर उन्हात, दोरीच्या कडेकडेनं, प्रत्येक झाड, प्रत्येक मांडवाचा खांब, शेंगदाण्याची गाडी, पाण्याचा हौद. सर अंगानं स्थूल, सफारी घालायचे. अर्ध्या फेरीतच पाठ भिजायची. प्रत्येक ठिकाणी ती थांबायची आणि दोन्ही कोचना विचारायची, इथून टप्पा पडून गेला तर? सांगलीचे कोच पटकन 'दोन' म्हणून मोकळे व्हायचे. सर आधी नुसती मान हलवायचे. ती म्हणायची, मान न्हाई सर, तोंडानं सांगा. त्यांच्या मुली मागं उभ्या राहून ऐकत असायच्या. सरांना म्हणावं लागायचं, दोन. पुढच्या खांबापाशी पुन्हा, दोन. हौदापाशी पुन्हा, दोन. नियमाबाहेरचं एक अक्षर ती बोलत नसे. पुढं पुढं तर पंच म्हणून तिचं नाव लागलं की सर सहायकाला पाठवायला लागले. तिनं त्यालाही परत पाठवलं: कोच स्वतः यायला पायजेत.

तीन-चार वर्षं असं चाललं आणि मग सांगलीच्या मैदानावर ती फायनल आली. पुन्हा सातारा आणि सांगली. घरच्याच जिल्ह्याची पंच नको म्हणून सरांनी आधी तक्रार केली होती, पण दुसऱ्या बायका पंच होत्या कुठं? सकाळी मैदानावर पाणी मारलेलं. साताऱ्याची मुलं-माणसं ट्रक भरून आलेली. खेळ शेवटपर्यंत ताणला गेला. सातारा एका रननं मागं, त्यांचा शेवटचा डाव, एक आउट, एक मुलगी पहिल्या बेसवर. बॅट घेऊन आली कोयनानगरच्या वसाहतीतली एक मुलगी, शैला तिचं नाव. तिनं पहिलाच चेंडू असा मारला की मी बेसजवळ उभी असूनही क्षणभर पंच असल्याचं विसरले. चेंडू लांब मैदानात दोरीच्या अलीकडं पडला आणि उसळून पलीकडं शेंगदाण्याच्या गाडीखाली गेला. साताऱ्याच्या मुली नाचतच आत आल्या. दोन्ही रन झाले असते तर कप त्यांचा होता.

इंदूनं दोन्ही हात वर केले. मग दोन बोटं दाखवली. शैलाला दुसऱ्या बेसवर पाठवलं आणि घरी पोचलेल्या मुलीला दंडाला धरून नव्हे, नुसतं बोटानं, तिसऱ्यावर परत पाठवलं. सर धावत आले. टप्पा पडलाच नाही म्हणाले, थेट गेला. आवाज चढलेला. मागं ट्रकमधले लोक ओरडायला लागले. इंदूनं मास्क काढला आणि त्यांना म्हणाली, "चला सर. खूण बघू."

ते यायला तयार नव्हते. ती चालायला लागली, आणि सगळं मैदान बघतंय म्हटल्यावर त्यांना मागं जावं लागलं. मी बरोबर गेले. दुसरी पंच म्हणून माझं ते कामच होतं. ओल्या मातीत चेंडूची खूण अशी उमटली होती की तिच्यात शिवण दिसत होती. इंदू तिच्या एका बाजूला उभी राहिली, सर दुसऱ्या. त्यांनी खाली पाहिलं. मग हळू आवाजात, मला ऐकू येणार नाही अशा बेतानं म्हणाले, "त्या वेळचं मनात धरून बसू नका बाई. टप्पा मलाही दिसला होता. पण पाहुण्यांना निघायची घाई होती, सातारा जिंकावं असं वरून सांगणं होतं. माझा इलाज नव्हता."

मला ऐकू आलं. आज मी ते इथं लिहिते आहे.

इंदूनं विचारलं, "आणि हात उगारला म्हणून सांगिटलं, त्ये बी वरनं सांगणं व्हतं का?"

ते म्हणाले, एवढा राग बरा नव्हे. ती म्हणाली, "राग हाय सर. लय हाय. पण दोन बेस नियमाचंच हायेत." आणि मग तिनं त्यांना सांगितलं की आता जे मला सांगितलंत ते टेबलापाशी येऊन सगळ्यांच्या देखत सांगा. ते नाही म्हणाले. तशी तिनं मोठ्यानं, ट्रकमधल्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, पंचांची परवानगी न घेता मैदानात येऊन वाद घातल्याबद्दल त्यांना मैदानाबाहेर जायला सांगितलं. नियमात बसत होतं का? बसत होतं. दुसरा कुणी असता तर तिनं समज देऊन सोडलं असतं का? सोडलं असतं. सर त्या टोकापासून फाटकापर्यंत एकटे चालत गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत तिनं खेळ सुरू केला नाही. मास्क हातात धरून त्यांच्या पाठीकडं बघत उभी राहिली. त्यानंतर साताऱ्याला संधी होती, दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर मुली उभ्या होत्या. पण पुढच्या दोघी उंच चेंडू मारून झेल देऊन बसल्या. सातारा हरलं.

शैला बेसवरच बसून रडत होती. इंदू तिच्याकडं गेली, तिला उठवलं आणि त्या खुणेपाशी घेऊन गेली. काय बोलल्या मला माहीत नाही, मी टेबलापाशी होते. लांबून एवढंच दिसलं की ती मुलगी खाली वाकली, बघितलं, आणि मान हलवली. पुढं राज्याच्या निवडीच्या बैठकीत पंच म्हणून जाऊन इंदूनं त्या मुलीसाठी भांडून जागा मिळवली. शैला आज शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आहे. शोकसभेला ती घरून, कोयनानगरहून घाटातल्या गाडीनं आली होती, मागं दाराशी उभी होती. तिला कुणी बोलायला बोलावलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. मी भडंग आणलं होतं. मला वाटलं, आज ही मोकळी होईल. मी म्हटलंसुद्धा, झालं एकदाचं. ती म्हणाली, "काय झालं गं? त्येला फाटकापातुर चालत जायला लागलं. मला फडात जायला लागलं व्हतं." तिनं भडंगाची पुडी माझ्या हातातून घेतली आणि मिरच्या वेचून वेचून खाल्ल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यानंतरही साताऱ्याचा सामना असला की ती चालवायचीच. लग्नाचं पुन्हा कुणी काढलं नाही आणि तिनंही काढू दिलं नाही. गावच्या शाळेत तात्पुरती नोकरी लागली होती. कायम व्हायला जी पदवी लागते ती तिच्याजवळ नव्हती. ती का नव्हती हे वाचकांना आता माहीत आहे.

मिरजेला दवाखान्यात मी तिला शेवटची भेटले तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. बोलायला त्रास व्हायचा. मी नको बोलूस म्हणत होते. तिनं विचारलं, पुढच्या महिन्यात साताऱ्याचा सामना आहे, कोण पंच? मी म्हटलं, तू बरी हो. ती म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. तू हायेस न्हवं?" मी हो म्हटलं. तिनं माझं मनगट धरलं. हात तापानं वाळलेला, पण पकड तीच, मैदानाच्या टोकावरून फेकणारी. "त्येला चालव," ती म्हणाली. "अख्खा चालव."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. यात क्षमा कुणाला दिसली तर मला कळवावं. सामना झाला. मी चालवलं. हौदापाशी सर म्हणाले, अहो आता ती गेली ना. मी म्हटलं, इथून टप्पा पडून गेला तर?

शोकसभेनंतरच्या रविवारी मी कुंडलला गेले. शिवाजीदादाची रजा संपली होती, तो गेलेला. घरी इंदूची आई एकटी. मी अंगणात आले तेव्हा ती दाराशी वाकून उंबरा झाडत होती, अंगणाकडं पाठ करून. हातात केरसुणी नव्हती. लाकडी मुठीचा वीतभर ब्रश होता. होमच्या पांढऱ्या पट्टीवरची, म्हणजे प्लेटवरची माती झाडायला आम्ही पंच जवळ ठेवतो तो. प्लेट झाडताना पंचानं मैदानाकडं पाठ करायची असते; इंदू घरी असली की सकाळी उठून त्याच ब्रशनं, तशीच पाठ करून उंबरा झाडायची, आणि आई तिला हसायची, की केरसुणीनं काय घोडं मारलंय. आता आई तशीच वाकलेली होती.

माझी चाहूल लागून ती उभी राहिली. ब्रश तिनं लुगड्याला पुसला. मग सांगितलं, साताऱ्याचा तो माणूस काल येऊन गेला. मोटार घेऊन आला होता, बरोबर दोघं, शाल आणि नारळ. इंदूच्या नावानं चषक ठेवायचाय, घरच्यांची संमती पाहिजे म्हणाला.

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? बसा म्हणलं न्हाई. आत या म्हणलं न्हाई. भाईरच उबा व्हता उनात. बोलून बोलून दमला, मग गेला." ती पुन्हा वाकली आणि उंबऱ्याच्या कोपऱ्यातली माती नीट, ब्रशच्या टोकानं, बाहेर काढली. "कालपास्नं तिसऱ्यांदा झाडतीया."

मग ती बाजूला सरकली.

"तू ये की आत," म्हणाली.